घोरण्यावरचा इलाज: आधी काय, मग काय

झोपेच्या तपासणीचं यंत्र घेऊन मी सांगली, मिरज, तासगाव, विटा आणि कधीमधी कराड-साताऱ्यापर्यंत लोकांच्या घरी जातो. संध्याकाळी यंत्र बांधायचं, सकाळी काढून आणायचं, हे माझं काम. बऱ्याच घरांत मी बसलेला असताना कपाटातून एक पिशवी निघते. त्यात नाकाला लावायची चुंबकाची क्लिप, हनुवटीचा पट्टा, करंगळीत घालायची अंगठी, दोन-तीन स्प्रे आणि कुणीतरी सुचवलेल्या तेलाची बाटली. एका पेशंटचं तर नाकाचं ऑपरेशनसुद्धा उरकलं होतं. तपासणी सगळ्यात शेवटी, तीही वहिनींनी हट्ट धरला म्हणून. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, पेशंटचा श्वास तासाला ४० पेक्षा जास्त वेळा अडत होता. मधली तीन वर्षं अशीच गेली होती.

लोक उपाय करत नाहीत असं नाही. उपाय करतात, पण उलट्या क्रमाने. सुलटा क्रम खाली दिलाय.

एवढं आधी डोक्यात घ्या

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. मऊ टाळू, पडजीभ, जिभेची मागची बाजू आत झुकते आणि हवेची वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना सैल भाग थरथरतो, तोच आवाज. नुसतं घोरणं असेल तर त्रास मुख्यतः शेजारी झोपणाऱ्याला. पण वाट पूर्ण किंवा बरीचशी बंद व्हायला लागली, श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबायला लागला, रक्तातला ऑक्सिजन खाली यायला लागला, की त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. प्रत्येक वेळी मेंदू दचकून उठवतो, माणसाला सकाळी ते आठवत नाही. रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, साखर यांच्याशी त्याचा संबंध आहे.

घोरणं दोन्हींत ऐकू येतं. कानाला फरक कळतोच असं नाही, म्हणून पुढची सगळी खटपट.

## टप्पा १: रात्र नीट बघा

डॉक्टरांकडे जाऊन "मी घोरतो" एवढंच सांगून उपयोग नाही. घोरणाऱ्याला स्वतःचं काही माहीत नसतं, साक्षीदार घरचेच. तेही साक्ष देताना सांभाळून घेतात. तासगावजवळच्या एका वस्तीवर मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "ह्यांना काय होत नाही ओ. दिवसभर बागेत राबत्यात, रात्री गाढ झोपत्यात." घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज इथे घट्ट बसलाय. मी म्हटलं, काकू, फोनवर काढा बरं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला व्हिडिओ दाखवला: घरर्र, घरर्र, मग एकदम शांत. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय. पोट वर-खाली होतंय, छाती आत ओढली जातेय, पण नाका-तोंडातून आवाज नाही. मग एकदम मोठा हिसका, धाप आणि परत घरर्र. काकूंनी टिकटिक मोजली होती. बावीस.

असा व्हिडिओ काढायचा तो असा:

1. नुसता आवाज नको, व्हिडिओच हवा. छाती आणि पोट दिसलं पाहिजे, म्हणजे पांघरूण कमरेपर्यंत आणि झिरोचा दिवा चालू.
2. झोप लागल्यावर लगेच नको. एकदा मध्यरात्रीनंतर आणि एकदा पहाटे काढा. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण अनेकांत वाढतं.
3. प्रत्येक वेळी किमान पाच मिनिटं. उताणं असताना एकदा, कुशीवर असताना एकदा.
4. तीन वेगवेगळ्या रात्री. लग्नाच्या जेवणावळीची किंवा पार्टीची रात्र त्यात धरू नका.

तपासून बघा: शांततेच्या वेळी पोट हलतंय पण हवा चालत नाही, आणि नंतर हिसका बसतोय? मग तिसऱ्या टप्प्यात वेळ न घालवता थेट चौथ्यावर जा.

## टप्पा २: आठ प्रश्न आणि एक टेप

जगभर वापरली जाणारी आठ प्रश्नांची यादी आहे. प्रत्येक "हो" ला एक गुण.

1. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं मोठं घोरता का?
2. दिवसा थकवा, पेंग, झोप येते का?
3. झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलंय का?
4. रक्तदाब आहे किंवा त्याची गोळी चालू आहे का?
5. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ३५ च्या वर आहे का?
6. वय ५० च्या वर आहे का?
7. मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का?
8. पुरुष आहात का?

तीन-चार गुण म्हणजे मध्यम धोका, पाच किंवा जास्त म्हणजे मोठा. मान मोजताना शिंप्याची टेप कंठमण्याच्या पातळीवर धरा, सैल नको आणि आवळून नको. शर्टाच्या साइझवरून अंदाज बांधू नका.

दोन ठिकाणी ही यादी आपल्याला फसवते. एक, बीएमआय ३५ हा आकडा आपल्याकडच्या अंगकाठीला जास्त आहे. आशियाई माणसाला त्यापेक्षा कमी वजनातही हा आजार होतो, जबड्याची ठेवण आणि घशातली जागा हेही कारण असतं. दोन, बायकांचा शेवटच्या प्रश्नावरचा गुण आपोआप जातो. पाळी थांबल्यावर त्यांच्यातही हे प्रमाण वाढतं, पण त्या "घोरते" असं सांगत नाहीत. "रात्री झोप लागत नाही, सकाळी डोकं जड असतं, सारखा थकवा" असं सांगतात आणि रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन परत येतात.

सावधान: गाडी चालवताना पेंग येत असेल तर गुण कितीही असोत, रात्रीचं ड्रायव्हिंग आजपासून बंद. पुणे-सातारा-कोल्हापूर रस्त्यावर रोजची खेप करणारे आणि हंगामात उसाचा ट्रॅक्टर रात्रभर हाकणारे "चहा मारला की जातंय" म्हणतात. चहाने पेंग थोडा वेळ लांबते, श्वास मोकळा होत नाही. खंबाटकी घाटात डोळा लागायला दोन सेकंद पुरतात.

## टप्पा ३: घरचे उपाय, पण तीन आठवडेच

हा टप्पा कमी गुणांच्या, श्वास न थांबणाऱ्या लोकांसाठी. बाकीच्यांनी हे पुढच्या इलाजाबरोबर करायचं, त्याऐवजी नाही.

कुशीवर झोपणं. जुन्या टी-शर्टला पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवा. उताणं झालं की टोचतं. लोक तो खिसा कमरेवर लावतात आणि पाठ धरली म्हणून सोडून देतात. खिसा वर हवा.

उशी. दोन-तीन उशा रचू नका. मान पुढे मोडते, हनुवटी छातीला टेकते आणि वाट उलट आवळते. उंची द्यायचीच तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली चार ते सहा इंचाचे ठोकळे ठेवा, म्हणजे अख्खं धड तिरकं होतं.

दारू आणि झोपेची गोळी. दोन्ही स्नायू आणखी सैल करतात. झोपायच्या आधी तीन-चार तास दारू नको. झोपेची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर मनाने बंद करू नका, पण घोरण्याबद्दल त्यांना सांगितलंच पाहिजे. बरेच जण ते सांगत नाहीत.

नाक. सर्वात जास्त चुका इथे. चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन जातीचे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की नाक त्यांच्यावरच अवलंबून राहतं आणि थेंब थांबवले की आधीपेक्षा जास्त चोंदतं. मी वर्षानुवर्षं तीच बाटली उशाशी ठेवणारी माणसं पाहिलीत. ॲलर्जीसाठी डॉक्टर देतात तो स्टिरॉइडचा स्प्रे वेगळा. तो रोज मारायचा, परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मारताना उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा हात, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप नाकाच्या बाहेरच्या भिंतीकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर नाकातून रक्त येतं. मार्केट यार्डात हळदीच्या धुळीत काम असेल तर मास्क बांधा आणि घरी आल्यावर मिठाच्या पाण्याच्या तयार स्प्रेने नाक धुवा.

नाकात रोज तेल सोडण्याची सवय असेल तर जपून. झोपेत तेल फुप्फुसात उतरलं तर तिथे सूज येऊ शकते. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचे व्हिडिओ हल्ली फिरतात. नाक चोंदलेल्या किंवा श्वास अडणाऱ्या माणसाने तो खेळ करू नये.

वजन. तीन आठवड्यांत होणारं काम नाही, पण सुरुवात इथूनच. वजन १० टक्क्यांनी उतरलं तर श्वास अडण्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतं, असं मोठ्या पाहणीत दिसलंय. ९० किलोच्या माणसासाठी ते नऊ किलो.

तीन आठवडे झाले की परत व्हिडिओ काढा. फरक नसेल तर चौथा आठवडा वाढवून बघू नका.

## टप्पा ४: डॉक्टर

आधी कुठे जायचं यावरून गोंधळ असतो. नाक सतत चोंदलेलं, टॉन्सिल मोठे, लहान मूल असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. बाकीच्यांनी, विशेषतः पाच-सहा गुणवाल्यांनी, छातीच्या तज्ज्ञांकडे गेलेलं बरं. मिरजेला आणि कराडला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं असल्याने दोन्ही तज्ज्ञ एकाच आवारात भेटू शकतात. पुण्याला पळण्याआधी तिथे चौकशी करा.

सोबत न्यायचं: व्हिडिओ असलेला फोन, आठ प्रश्नांचे गुण, मानेचं माप, चालू गोळ्यांची पट्टी (नाव लिहून नको, पट्टीच), आणि शेजारी झोपणारं माणूस. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर विचारा. थायरॉइड कमी असेल तर घोरणं वाढतं.

सावधान: पहिल्याच भेटीत "नाकाचं हाड वाढलंय, काढून टाकू, घोरणं बंद" असं कुणी म्हणालं तर "आधी झोपेची तपासणी करूया का?" एवढं विचारा. नाकाचं ऑपरेशन नाक मोकळं करतं. घशात बंद होणारी वाट ते एकट्याने सहसा उघडत नाही.

## टप्पा ५: तपासणीची रात्र

तपासणी दोन प्रकारची. रुग्णालयात एक रात्र राहून पूर्ण तपासणी, त्यात मेंदूच्या लहरी, डोळे, पाय, हृदय सगळं नोंदतात. किंवा घरी छोटं यंत्र: नाकाखाली नळी, छातीवर पट्टा, बोटाला ऑक्सिजनची टोपी. हृदय किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, पूर्वी पक्षाघात झाला असेल, तर घरची तपासणी पुरत नाही.

घरी करणार असाल तर:

1. त्या दिवशी दुपारची झोप नको, दारू नको. रोजची औषधं नेहमीप्रमाणे. रात्रीचं जेवण नेहमीचंच.
2. बोटाचं नेलपॉलिश काढा. गालाला तेल, क्रीम लावू नका, नळीची चिकटपट्टी सुटते. भरघोस मिशी असेल तर पट्टी गालावर दोन्हीकडे जास्तीची लावा. आमच्या भागात हा मुद्दा छोटा नाही.
3. पट्टा बनियनवर, कातडीवर नाही. एक बोट जाईल इतका घट्ट.
4. यंत्रावरचा दिवा लागलाय का ते दिवे मालवण्याआधी बघा. एकदा मी सकाळी गेलो तर पेशंटने सगळं व्यवस्थित बांधलं होतं, बटणच दाबलं नव्हतं. तेव्हापासून मी रात्री दहाला फोन करतो.
5. दिवे मालवल्याची वेळ, मध्ये किती वेळ जागे होतात ते, आणि उठल्याची वेळ कागदावर लिहा.

पाचवा मुद्दा लोक सोडतात आणि तोच रिपोर्ट बिघडवतो. घरच्या यंत्राला मेंदूच्या लहरी कळत नाहीत, म्हणजे तुम्ही झोपलात की नुसते पडून आहात हे ते ओळखत नाही. समजा रात्रभरात श्वास ९६ वेळा अडला आणि यंत्र आठ तास चाललं, तर तासाला १२. पण त्यातले तीन तास तुम्ही छताकडे बघत पडला होतात. झोप पाचच तास. मग खरा आकडा तासाला १९ च्या वर. पहिला सौम्य गटात बसतो, दुसरा मध्यम.

तपासून बघा: किमान चार तासांची चांगली नोंद आहे का? नसेल तर तपासणी परत करायला सांगा.

## टप्पा ६: रिपोर्ट

पहिला आकडा एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा फार उथळ झाला. पाचच्या खाली सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. त्यापुढे दोन गोष्टी बघा: ऑक्सिजन सर्वात कमी किती झाला आणि ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती वेळ राहिला. उताणं आणि कुशीवर असे वेगळे आकडे दिले असतील तर तेही. कुशीवर आकडा निम्म्याने उतरत असेल तर चेंडूचा टी-शर्ट कपाटात परत टाकू नका.

घरची तपासणी "नॉर्मल" आली, पण दिवसा पेंग आणि व्हिडिओतले थांबे तसेच आहेत? तर रुग्णालयातली पूर्ण तपासणी मागा.

## टप्पा ७: उपाय निवडणं

मध्यम आणि तीव्र आजारात सीपॅप हा पहिला उपाय. मशीन मास्कमधून हवेचा दाब देतं आणि वाट उघडी धरतं. ऑक्सिजनचं सिलिंडर नाही ते, हे घरच्या म्हाताऱ्यांना आधी समजावून सांगा, नाहीतर गावभर "ऑक्सिजनवर आहे" होतं.

दातांवर बसणारं उपकरण खालचा जबडा पुढे धरतं. नुसतं घोरणं, सौम्य किंवा मध्यम आजार, किंवा सीपॅप सहनच होत नाही अशांसाठी. ते दंतवैद्याने माप घेऊन बनवलेलं हवं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार नको. हिरड्या मजबूत आणि दात पुरेसे लागतात. तंबाखूने दात हललेले असतील तर आधी तो इलाज. उपकरण घालून पुन्हा एकदा झोपेची तपासणी करा.

टाळूचं, पडजिभेचं ऑपरेशन निवडक लोकांना उपयोगी पडतं. त्याआधी औषधाने झोपवून दुर्बिणीने वाट नेमकी कुठे बंद होते ते बघतात. यातला धोका वेगळाच: थरथरणारा भाग काढल्यावर आवाज थांबतो, श्वास अडणं मात्र चालू राहू शकतं. घरचे म्हणतात बरे झाले, आणि आता टिकटिक मोजायलाही कुणी जागं नसतं. म्हणून ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी तपासणी झालीच पाहिजे.

वजन कमी करणाऱ्या टिर्झेपटाइड इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणा आणि मध्यम-तीव्र ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मंजुरी मिळाली. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचं, आणि आज घेतलं म्हणून उद्यापासून सीपॅप बंद होत नाही.

## टप्पा ८: सीपॅपचे पहिले तीस दिवस

मशीन कपाटावर जातं ते याच तीस दिवसांत. शक्य असेल तर आधी भाड्याने घ्या.

1. मास्क आडवं पडून, मशीन चालू ठेवून बसवून घ्या. दुकानात खुर्चीवर बसून घातलेला मास्क रात्री वेगळाच बसतो. गळती दिसली की लोक पट्टे आवळतात. रबराची गादी चपटी होते आणि हवा आणखी सुटते. पट्टा सैल करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला, हवा भरू द्या, परत टेकवा.
2. पहिले तीन दिवस संध्याकाळी जागेपणी अर्धा तास, टीव्ही बघत. थेट रात्री घालणारे एक वाजता काढून फेकतात.
3. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा. वर ठेवलं तर नळीत साठलेलं पाणी थंडीत नाकावर येतं.
4. पाण्याच्या डब्यात डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याने आठ दिवसांत पांढरे थर चढतात. उरलेलं पाणी रोज ओतून टाका.
5. मास्कची गादी रोज साध्या साबणाने, नळी आठवड्याला एकदा. वाळवायचं सावलीत. मागचा फिल्टर आठवड्याला बघा; कारखान्याजवळ राहत असाल तर गाळपाच्या दिवसांत काजळीने लवकर काळा होतो.
6. वीज जाते हे धरून चाला. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का आणि मशीनला चालतो का, हे घेतानाच विचारा.

सकाळी तोंड कोरडं म्हणजे तोंडातून हवा सुटतेय: आधी नाक मोकळं करा, मग तोंड-नाक झाकणारा मास्क. डोळे कोरडे म्हणजे मास्कची वरची कड सुटलीय. पोट फुगतंय तर डॉक्टरांना सांगा, दाब स्वतः बदलू नका. दाढी वाढवायची हौस असेल तर नाकपुड्यांत बसणारा मास्क मागा.

तपासून बघा, तिसाव्या दिवशी: मशीनमधल्या नोंदीत तीन गोष्टी. रोज किती तास (चार तास ही कमीत कमी, खरं तर पूर्ण झोपभर), गळती किती, आणि मशीन लावल्यावर उरलेला एएचआय पाचच्या खाली आहे का. नसेल तर मशीन वाईट ठरवण्याआधी मास्क आणि दाब तपासून घ्या.

पाहुण्याचं जुनं मशीन स्वस्तात घ्यायचा मोह होतो. दाब ज्याचा त्याचा असतो, आणि २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने आतला फोम झिजतो म्हणून जगभरातून लाखो मशीन परत मागवली होती. नंबर तपासल्याशिवाय हात लावू नका.

## मूल घोरत असेल तर

वरचे आठ प्रश्न मुलांना लावू नका. आठवड्यात तीन-चार रात्री घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं, सवय सुटल्यावर परत अंथरूण ओलं करायला लागलेलं, शाळेत चुळबुळ करणारं मूल सर्दीचं औषध देत वर्षभर थांबवू नका. बहुधा टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइड गाठी मोठ्या असतात, आणि अनेक मुलांत त्या काढल्यावर त्रास जातो. "मोठा झाला की थांबेल" हे काही मुलांत खरं ठरतंही, पण ते डॉक्टरांनी बघून सांगायचं.

गरोदर बाईने नव्याने घोरायला सुरुवात केली आणि रक्तदाब वाढला तर पुढच्या तपासणीची वाट न बघता कळवा.

कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी हर्नियाचं असलं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाबद्दल सांगा आणि मशीन, मास्क, नळी, वायर सगळं पिशवीत भरून रुग्णालयात सोबत न्या. भुलीनंतरची पहिली रात्र मशीन घरी राहिलं म्हणून मुलाला मिरजेहून पलूसला रात्री अकराला पळवलेलं मी बघितलंय.